शेरा

काचेच्या खोलीत हवालदार लुमाण्णा धामणेकर.
पाठ ताठ, गुडघ्यांवर मुठी,
उजव्या मुठीत माझं बटण.
आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असू दे,
हे मी सांगितलं, मग ओरडून सांगितलं,
मग त्यांच्या मुलीनं खुणेनं.

दहा मिनिटं एकही आवाज चुकला नाही.
मी खूश झाले. मग संशय आला.
आवाज न सोडता नुसतंच कोपर हलवून बघितलं
आणि दिवा लागला.

बिजगर्णीहून पहिली बस धरून आलेला माणूस
काचेत माझं कोपर वाचत होता.

"सवय की बाई," ते म्हणाले, लाजून.
"वर्षाला एकदा डॉक्टर पाठीमागं जाऊन कुजबुजायचा.
समोर औषधाचं कपाट, काचेचं.
त्याचे ओठ दिसायचे त्यात.
सतरा वर्षं शेप वन. एकदा पण नापास नाही."

मॉर्टरवर होते. नळीत गोळा सोडायचा, मान वळवायची,
एका हातात पुढचा गोळा,
म्हणून झाकायला एकच हात, एकच कान.
कापूस मिळायचा.
तो जखमांना लागेल म्हणून राखून ठेवायचे.

मी खुर्ची भिंतीकडं फिरवली.
पुन्हा सुरू केलं.
दिवा लागला, लागला,
मग लागेचना.
चार हजारावर रेघ अशी कोसळली
जसा जांबोटीच्या पुढं रस्ता एकदम चोर्ल्यात उतरतो
आणि खाली नुसतं धुकं.

त्या धुक्यात स जातो, श जातो, फ जातो.
नात सई आहे, तिचं नाव त्यांना 'आई' असं ऐकू येतं,
म्हणून ते तिला आईच म्हणतात,
घरातल्यांना वाटतं, लाडानं.
कंडक्टर विचारतो, एल्लिगे? ते म्हणतात, हो.
दुसरा मराठीत विचारतो, कुठं? ते म्हणतात, हो.
गाडीतले लोक लगेच दोन बाजू घेतात.
भाषेचा नव्हे हो, काकांचा प्रश्न भाषेचा नव्हेच.

फाईल मुलीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलीय.
भरती ते निवृत्ती, दरवर्षी एकच ओळ: श्रवण सामान्य.
आणि शेवटी उत्तराचं पत्र:
दोष वयोमानाचा, सेवेशी संबंध नाही, अर्ज नामंजूर.
म्हणजे कपाटाच्या काचेनं साक्ष दिली
आणि ती ग्राह्य धरली.

माझ्या तक्त्यात शेऱ्याला दोन ओळींची जागा असते.
दोन ओळींत कसं लिहू
की कुजबुजीनं तोफेचं माप काढता येत नाही,
की यंत्र लावून तपासायला हवं होतं, तेव्हाच, तरुणपणी,
आणि खरं सांगणाऱ्याची बढती अडणार नाही
एवढा भरवसा द्यायला हवा होता?
की एका कानाला मशीन देऊन दुसऱ्याला थांब म्हणता येत नाही,
आणि सेल संपला की तो बदलायला
म्हाताऱ्यानं अर्धा दिवस बसमध्ये घालवू नये?
समासात लिहिते. मग पान उलटून मागं लिहिते.
वरचे साहेब म्हणतील, मॅडम, फॉर्म बिघडवला.
बिघडू दे.

हेडफोन काढून ते बाहेर आले.
"पास का?"

नापास, मी म्हटलं,
ओठ नीट हलवून, घाई न करता.
त्यांनी मुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि भिंतीला टेकून उभे राहिले
जणू कुणीतरी 'विश्राम' म्हटलं होतं.

बाहेर बाकावर अजून अकराजण.
सगळ्यांचं म्हणणं, आमचं तसं बरं आहे.
मी दारात जाऊन पुढचं नाव पुकारते.
कुणीच हलत नाही.
मग एक बायको उठते,
नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवते.